मायच्या नावाची रजा

माय मला एक दिवस मागत होती. पोळा झाल्यावर तिनं पहिल्यांदा फोन केला होता, आणि मी तिच्यासाठी म्हणून गेले ते माघ महिन्यात, तेही वहिनीनं बोलावलं म्हणून. मधल्या साऱ्या महिन्यांत तिच्या छातीतली गाठ वाढत होती आणि लेकीशिवाय ती कोणाला दाखवायला तयार नव्हती. हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि झाकपाक मी पुष्कळ करून बसले आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. घर सेलूला, शाळा तालुक्यातल्याच एका आडगावी, स्कूटीनं पाऊण तास. चार वर्ग आणि शिकवायला आम्ही दोघी. दुसऱ्या मॅडम माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठ्या, मुख्याध्यापकपदाचा चार्जही त्यांच्याकडेच, म्हणून सगळं गाव त्यांना मोठ्या मॅडम म्हणतं. दोघींतली एक आली नाही की दुसरीच्या गळ्यात चारही वर्ग, मुलांची खिचडी, आणि मोबाइलच्या ग्रुपवर दिवसभर पडणारी माहितीची मागणी. ती मागणी नेहमी 'आजच्या आज' असते. 'उद्या चालेल' असं लिहिलेला निरोप मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

अशा शाळांमध्ये एक रीत असते. बाहेर कोणी बोलत नाही, पण असते. दोघींचाही किरकोळ रजेचा एकेक अर्ज लिहून, सही करून कपाटात ठेवलेला असतो. फक्त तारखेची जागा कोरी. घरी काही अडलं आणि ऐन वेळी येणं जमलं नाही, तर दुसरी तो अर्ज काढून हजेरीपटात ठेवते. साहेब भेटीला आले, तर त्यावर तारीख पडते आणि रजा लागते. कोणी आलं नाही, तर अर्ज परत कपाटात आणि दुसऱ्या दिवशी कालची सही. खोटंच आहे हे. पण वर्षाच्या त्या मोजक्या रजांमध्ये घर, सासर, माहेर, पोरीचा ताप आणि स्वतःचं अंग दुखणं एवढं सगळं बसवून दाखवावं कोणी, मग मला शिकवायला यावं.

अर्जात कारण लिहावं लागतं. मोठ्या मॅडमच्या अर्जात 'मुलीला पाहायला पाहुणे येणार असल्यामुळे' असं होतं. त्या मुलीला दोन लेकरं झाली तरी पाहुणे येतच होते. माझ्या अर्जात 'आईची प्रकृती ठीक नसल्यामुळे'. स्वतःचं आजारपण लिहिलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात. पोरीचं लिहायला जीव धजेना. नवऱ्याचं लिहिलं असतं, पण तो त्याच सेलूत सायंकाळी साहेबांनाच चहाच्या टपरीवर भेटायचा. माय मात्र दूर, पार हिंगणघाट तालुक्यात, वडनेरला. तिला कोण पाहायला जातंय? तसं आम्ही तिला मायच म्हणतो. पण अर्जात आई लिहावं लागतं.

मायला मी हे सांगितलंही होतं, हसत हसत. तिला काही वाटलं नाही. वांग्याच्या वाफ्यात खुरपं चालवता चालवता म्हणाली, असू दे, माह्या नावानं तरी तुले सुटी भेटते. माझ्या माहेरी भाजीपाल्याची बागायत आहे. वांगी, पालक, मेथी, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. दादा माल हिंगणघाटच्या बाजारात नेतो आणि गावच्या आठवडी बाजारात माय स्वतः बसायची. जुड्या बांधून बांधून तिची बोटं हिरवी राहायची.

तर सात-आठ वर्षं मी मायच्या नावानं घरी राहिले. त्या रजांचं काय केलं ते सांगते. सासऱ्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. पोरीच्या शाळेत पालकसभेला जाऊन बसले. नणंदेच्या घरची वास्तू, चुलत दिराच्या पोराचं बारसं. एकदा तर कुठंच गेले नाही. घरात कोणी नव्हतं, मी पलंगावर पडले आणि दुपारी दोनपर्यंत मेल्यासारखी झोपले, उठल्यावर कितीतरी वेळ कळेना की सकाळ आहे की संध्याकाळ. मायच्या नावाच्या रजेत मायकडे मात्र एकदाही गेले नाही. सेलूहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून वडनेर, अशा तीन गाड्या. जाण्यातच अर्धा दिवस जातो, मग राहायला काय उरतं, असा माझा हिशेब. सणाला, लग्नाकार्याला गेले असेन. पण ते सगळ्यांबरोबर, धावत.

घरी मी कशी असायचे तेही सांगायला हवं. शाळेतून आले की माझा आवाज शाळेतलाच राहायचा. पोरीनं पेला सांडला की मी असं ओरडायचे की शेजारची खिडकी उघडायची. पाचवीत असताना ती मला एकदा चुकून 'मॅडम' म्हणाली. नवरा हसला. मी त्याच्यावर भडकले, आणि मग मोरीत जाऊन रडले. भाजी फोडणीला टाकून मी मोबाइलवर मुलांचे आकडे भरायचे, भाजी लागायची. नवरा वाईट माणूस नाही. तो एवढंच म्हणायचा की तू घरी येऊनही घरी नसते. मला त्याचा राग यायचा, कारण ते खरं होतं आणि त्यावर त्याच्याजवळही इलाज नव्हता. घरच्या कामाला हात लावावा हे मात्र त्याला कधी सुचलं नाही.

पोळा झाला आणि मायचा फोन आला. ती नेहमी शाळा सुटल्यावरच करायची, सव्वापाचच्या पुढं. ये न व एक दिवस, काम आहे, म्हणाली. काय काम, विचारलं तर फोनवर नाई सांगता येत. मला वाटलं, सासू-सुनेचं काही बिनसलं असेल. खरं सांगते, मी मुद्दाम टाळलं. दिवसभर साहेबांचं, पालकांचं, ग्रुपचं ऐकून कान इतके किटलेले असायचे की अजून एक गाऱ्हाणं ऐकण्याची ताकद नव्हती. मी तिलाच उपदेश केला, वहिनीशी जुळवून घे जरा, आता वय झालं तुझं. ती म्हणाली, तिचं काई नाई व, ते बिचारी लय करते.

पुढं दर आठ-दहा दिवसांनी फोन. दर वेळी तेच, एक दिवस ये. कधी माझं प्रशिक्षण होतं. कधी मोठ्या मॅडम रजेवर. रविवारी मतदार यादीचं काम, घरोघर जाऊन कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, कोण नवीन आलं ते लिहायचं. लोकांच्या दारात उभं राहून मी विचारायचे, घरात म्हातारं माणूस कोणी आहे का. आणि माझी म्हातारी तिकडे बाजारात पदर घट्ट लपेटून बसलेली. तेव्हा मला असं काही सुचलं नाही. हे सगळं आता सुचतं.

भाऊबीजेला मात्र गेले. नवरा, पोरगी, मी. घर पाहुण्यांनी भरलेलं. दादाला ओवाळून झालं, जेवणं झाली आणि मायनं मला हळूच मागच्या अंगणात बोलावलं. न्हाणीघराच्या दारात ती उभी होती. म्हणाली, इकडं ये जरा, आत ये. मी आत पाय टाकणार तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. मोठ्या मॅडम होत्या. मुलांच्या आधारकार्डावरची नावं आणि शाळेतली नावं जुळत नव्हती, त्याची माहिती दुपारी दोनच्या आत भरायची होती, आणि शाळेचा पासवर्ड माझ्याजवळ. दिवाळीच्या सुट्टीत! मी मायला म्हटलं, आलेच, आणि रेंजसाठी स्लॅबवर गेले. एक नाव भरलं की पान अडकायचं. भर उन्हात तासभर मी तिथं उभी होते. एकदा खाली वाकून पाहिलं तर माय न्हाणीच्या दारातच बसलेली, एका हातानं पदर धरून, वर माझ्याकडे पाहत. मी हातानंच खूण केली, थांब.

खाली उतरले तेव्हा नवऱ्यानं गाडी फाटकाबाहेर काढली होती. उशीर होत होता. मी घाईघाईनं मायला म्हटलं, बोल लवकर, काय ते. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज नाई," ती म्हणाली. "एकटी येजो एक दिवस."

पिशवीत वांगी आणि सांबार भरून दिला. माझी चिडचिड झाली होती, मायमुळे नाही, त्या आधारकार्डामुळे. पण गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, म्हातारपणी माणसं नसतं गूढ करून ठेवतात. पोरगी मागं बसून हे ऐकत होती.

पुढं पौषाच्या आधी एका शनिवारी वर्ध्याला सासरच्या नात्यात साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. सासूबाईंनी आठ दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं की मोठी सून म्हणून तुला यावंच लागते. मी मोठ्या मॅडमना सकाळी फोन केला, आज अर्ज ठेवा माझा. त्या बरं म्हणाल्या. साक्षगंधाच्या हॉलमध्ये मी नवरीची ओटी भरत होते तेव्हा मायचा फोन आला. मी कापला. परत आला, परत कापला. शनिवारी सकाळची शाळा असते हे तिला माहीत होतं. मी सुटले असेन म्हणून तिनं केला असणार. आणि मी वर्ध्यातच होते. तिथून हिंगणघाटची गाडी अर्ध्या-अर्ध्या तासानं सुटते. जेवणाच्या पंगतीतून उठून निघाले असते तरी चारच्या आत तिच्याजवळ पोचले असते. पण कोणाला काय सांगून निघायचं? सासूबाईंना काय कारण द्यायचं? माय आजारी आहे, असं? ते कारण मी शाळेत देऊन आले होते.

त्याच दिवशी आमचे केंद्रप्रमुख शाळेत आले. आसपासच्या दहा-बारा शाळा त्यांच्याकडे. सरळ, देवभोळा माणूस. मोठ्या मॅडमनी अर्जावर तारीख टाकून त्यांच्यापुढं ठेवला. पूर्वीही तीनदा असंच झालं होतं, आणि दर वेळी त्यांनी कारण वाचलं होतं. मला सोमवारी मोठ्या मॅडम म्हणाल्या की सर फार हळहळले, आईची तब्येत आता कशी आहे म्हणून विचारत होते. आम्ही दोघी हसलो. आता ते हसणं आठवलं की कुठं तोंड लपवू असं होतं. मायला त्या दिवशी मी फोन केला का? नाही केला. रविवारी यादीचं काम होतं आणि नंतर राहून गेलं.

माघात वहिनीचा फोन आला, शाळेच्या वेळात. वहिनी कधी फोन करत नाही. मी वर्गाबाहेर आले.

"बाई, तुमी आज या. आईच्या छातीले गाठ आहे, फुटली ते. मी आज धुण्यात ब्लाऊज पाह्यलं तवा समजलं." मग हळूच म्हणाली, "काऊन सांगतलं नाई म्हून विचारलं, तं म्हने, माही लेक येऊन राह्यली, तिले दाखवतो."

त्या दिवशी मी अर्ज वगैरे काही पाहिलं नाही. तशीच निघाले. तीन गाड्यांना किती वेळ लागला ते आठवत नाही. माय खाटेवर बसली होती, मला पाहून तिचा चेहरा उजळला. रागवावं की नाही तिनं? आली का, म्हणाली, जेवून घे आधी. मग दादाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि पदर बाजूला केला. मी पाहिलं. आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, काई नाई होत व, तू आली नं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून आहे. मायनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि अपराध्यासारखं सांगितलं, "पोळ्यापासून." जणू चूक तिची होती. आजार लिव्हरपर्यंत गेला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या की गाठ दिसते त्याहून जुनी असावी, आधी आला असता तर काय झालं असतं ते नक्की सांगता येत नाही. नवरा हेच वाक्य मला अजून ऐकवतो, माझी समजूत काढायला. माझं त्यानं कधीच समाधान झालं नाही. कदाचित काही झालं नसतं. पण पोळ्यापासून माघापर्यंत तिनं ते एकटीनं पदराखाली धरून ठेवलं, हे तर झालंच.

त्यानंतर मी चारदा गेले. खऱ्या रजा, तारीख टाकलेल्या. बाकी सगळं वहिनीनं केलं. पट्ट्या बदलणं, वास, उलट्या, रात्रीचं कण्हणं, सगळं. मी फोनवर विचारायचे, काय खाल्लं, औषध दिलं का, आणि त्या विचारण्यातही माझा शाळेतलाच सूर असायचा. वहिनी शांतपणे उत्तरं द्यायची. माय मे महिन्याच्या सुट्टीत गेली. अर्ज करावाच लागला नाही.

तेरवीला आमच्या केंद्रातली माणसं जीप करून आली. मोठ्या मॅडम आणि केंद्रप्रमुख सर एका पंगतीत बसले होते. मी आणि वहिनी वाढत होतो. सरांनी वहिनीला थांबवलं, हात जोडले आणि आजूबाजूच्या चार पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले. आमच्या मॅडमनी आईची फार सेवा केली, म्हणाले. सात-आठ वर्षं मी पाहतो आहे. जेव्हा कधी शाळेला भेट द्यायला जावं आणि मॅडम नसल्या, तेव्हा अर्ज आईचाच. एवढ्या दुरून, नोकरी सांभाळून इतकं धावणारी लेक आजकाल पाहायला मिळत नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं बोलत नव्हता तो माणूस. मोठ्या मॅडमनी मान खाली घालून भातात वरण कालवायला घेतलं आणि कालवतच राहिल्या.

माझ्या हातात वरणाची बादली होती. मी वहिनीकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. सात-आठ वर्षांत मी किती वेळा आले, किती वाजता आले, किती वाजता निघाले, ते तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता. मला तर वाटलं, बोलावं तिनं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"हाव नं," वहिनी सरांना म्हणाली. "येत होत्या. दर वेळेस येत होत्या."

आणि पुढच्या ताटात बुंदी वाढायला वाकली. मी नाही म्हटलं नाही. वरण वाढत वाढत पंगतीच्या टोकापर्यंत गेले.

सगळे गेल्यावर दुपारी मागच्या अंगणात भांडी घासायला आम्ही दोघीच बसलो. ती घासत होती, मी विसळत होते. मग एकदाचं म्हटलं की वहिनी, तुम्ही आज माझी लाज राखली, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. तिनं मान वर केली नाही. परात घासून पूर्ण केली, माझ्यापुढं सरकवली.

"मी तुमच्यासाठी नाई म्हटलं, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्याईच्यासाठी म्हटलं. इतकं बोलावलं तरी त्याईची लेक येत नव्हती, हे चार लोकाईत मी काऊन सांगू?"

मी परात विसळली आणि उन्हात पालथी घातली. ती पुढचं भांडं घासू लागली.